उरलेल्या युद्धसामग्रीतून अध्यापकांची परदेशवारी : फुलब्राइट योजना आणि कम्युनिटी कॉलेज

#इतिहासाचा_धागा

१/ दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. युरोप, आशिया आणि पॅसिफिकमधील बेटे, जिथे जिथे तिचे सैन्य पोहोचले होते तिथे तिथे प्रचंड सामग्री पडून होती : ट्रक, जीप, रेल्वे इंजिने, यंत्रे, औषधे, तंबू, अन्नाचे डबे. ती परत न्यावी तर जहाजांचा खर्च मोठा. आणि नेलीच, तर बाजारात आपल्या नव्या मालाला गिऱ्हाईक उरणार नाही, ही तिथल्या कारखानदारांची भीती. या सामानाच्या विक्रीतून जगातील सर्वांत नामांकित विनिमय योजनांपैकी एक कशी उभी राहिली, आणि साध्या, स्थानिक कॉलेजात शिकवणाऱ्या अध्यापकापर्यंत पोहोचायला तिला इतका काळ का लागला, याची ही हकीकत. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ या हकीकतीला दोन प्रारंभ आहेत आणि दोन्ही १९४६ च्या उन्हाळ्यातले. १३ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते तोच, १ ऑगस्ट १९४६ रोजी, त्याच ट्रूमन यांनी सिनेटर फुलब्राइट यांच्या विधेयकावर स्वाक्षरी केली. पहिल्या निर्णयातून घराजवळच्या कॉलेजाचा विचार देशभर पसरला. दुसऱ्यातून अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना परदेशाची वाट मोकळी झाली. एकाच माणसाच्या कार्यकाळातले हे दोन निर्णय पुढे कित्येक दशके एकमेकांशेजारून, पण एकमेकांना फारसे न भेटता चालत राहिले.

३/ आधी फुलब्राइट यांच्याविषयी. जेम्स विल्यम फुलब्राइट यांचा जन्म १९०५ चा. अर्कान्सासासारख्या, त्या काळी मागास मानल्या गेलेल्या राज्यात ते वाढले. विशीत ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. देशाच्या अंतर्भागातून आलेल्या या तरुणाला युरोप पाहता आला, परक्या समाजात राहता आले, आणि आपल्या देशाकडे बाहेरून पाहण्याची सवय लागली. पुढे ते अर्कान्सास विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, १९४२ मध्ये प्रतिनिधिगृहावर आणि १९४४ मध्ये सिनेटवर निवडून आले. शिष्यवृत्ती माणसाला कशी बदलते, याचा दाखला त्यांना दुसरीकडे शोधावा लागला नाही.

४/ सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी सिनेटपुढे एक साधी दिसणारी कल्पना मांडली. परदेशात पडून असलेली सामग्री त्या त्या देशांनाच विकावी. त्यांच्याजवळ डॉलर नाहीत, तर त्यांच्याच चलनात किंमत घ्यावी. हे चलन अमेरिकेत आणून उपयोग नव्हता, कारण त्याचे डॉलर होत नव्हते. मग ते तिथेच खर्चावे, आणि तेही शिक्षणावर : अमेरिकी विद्यार्थी व अध्यापकांचा त्या देशातील खर्च, आणि तिथल्या लोकांचा अमेरिकेपर्यंतचा प्रवास. प्रत्येक देशासाठी एकूण दोन कोटी डॉलर आणि वर्षाला दहा लाख डॉलर इतक्या किमतीची मर्यादा कायद्याने घातली.

५/ या विधेयकावर सिनेटमध्ये म्हणण्यासारखी चर्चाच झाली नाही. स्वतंत्र नवा कायदा म्हणून नव्हे, तर अतिरिक्त सामग्रीच्या विल्हेवाटीसंबंधीच्या १९४४ च्या कायद्यातील दुरुस्ती म्हणून ते पुढे आले होते. करदात्याच्या खिशातून नवा पैसा मागितला जात नव्हता. बुडीत खात्यात गेल्यासारखी रक्कम कामी लागत होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे. संस्थांच्या जन्मामागे नेहमी मोठी भाषणे असतातच असे नाही. कधी हिशेबाच्या वहीतील एखादा रिकामा रकाना योग्य माणसाच्या नजरेस पडतो आणि तेवढे पुरते.

६/ कल्पनेला पूर्वाधार होता. चीनमधील बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांनी चीनवर जबर नुकसानभरपाई लादली होती. आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतील मोठा भाग अमेरिकेने १९०८ नंतर चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी परत वळवला. पेकिंगमधील त्सिंगहुआ ही विख्यात संस्था त्यातूनच उभी राहिली. युद्धाचा पैसा शिक्षणाकडे वळवता येतो हे तिथे दिसून आले होते. फुलब्राइट यांनी तेच सूत्र अनेक देशांना लागू केले, आणि वाट दुहेरी केली : तिकडची माणसे इकडे, इकडची तिकडे.

७/ योगायोग असा की पहिला करारही चीनशीच झाला, १० नोव्हेंबर १९४७ रोजी. त्यापाठोपाठ डिसेंबरमध्ये ब्रह्मदेशाशी. चीनला गेलेल्या पहिल्या अभ्यासकांपैकी डर्क बॉड हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चीनविषयक विद्वान. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ते पेकिंगला पोहोचले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत ते शहर माओच्या सैन्याच्या हाती गेले. त्या वर्षाची त्यांची दैनंदिनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहे. चीनमधील योजना १९४९ मध्ये थांबली. पण बॉड यांच्या रूपाने एक नमुना घडला : परदेशी जाणारा अमेरिकी अध्यापक म्हणजे मोठ्या विद्यापीठातील, डॉक्टरेट मिळवलेला, संशोधन करणारा विद्वान.

८/ आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, सार्वजनिक पैशावर चालणारे, गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या लोकांसाठी असलेले कॉलेज. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट इथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन हे त्याचे प्रवर्तक. घर न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षे पुरी करता यावीत, हा हेतू. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी मात्र याची गल्लत करू नये. ही शालान्त शिक्षणानंतरची दोन वर्षे आहेत.

९/ जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालील ट्रूमन आयोगाचा अहवाल डिसेंबर १९४७ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध झाला. युद्धावरून परतलेले लाखो सैनिक तेव्हा सरकारी साहाय्याने कॉलेजात दाखल होत होते. आयोगाने सांगितले की उच्च शिक्षण थोड्यांची मिरास राहू नये. शालेय शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे सर्वांना विनाशुल्क मिळावीत, आणि त्यासाठी देशभर स्थानिक कॉलेजांचे जाळे असावे. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते या अहवालामुळे. वंश आणि धर्म यांवरून होणारा भेदभाव शिक्षणातून काढून टाकावा, असेही त्याने स्पष्ट म्हटले. या मुद्द्यावर आयोगाच्या चार सदस्यांनी आपले वेगळे मत नोंदवले.

१०/ १९६० च्या दशकात अशी शेकडो कॉलेजे उघडली. त्यांच्या वर्गांत कोण बसत असे? दिवसा कारखान्यात काम करून संध्याकाळी येणारा कामगार, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू लागलेली आई, परिचारिका होऊ पाहणारी मुलगी, नुकताच देशात आलेला आणि इंग्रजी शिकणारा स्थलांतरित. यांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात परदेशी विद्यापीठात एखादे वर्ष काढण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. जग त्यांच्यापर्यंत यायचे तर ते त्यांच्या अध्यापकाच्या द्वाराच येणार होते. म्हणून तो अध्यापक जग पाहतो की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या हौसेचा नव्हता.

११/ आणि नेमका हाच अध्यापक विनिमयाच्या वाटेवर मागे पडला. त्याला कुणी दारातून हाकलले नाही. अटींनीच त्याला बाहेर ठेवले. पहिली अट पात्रतेची. विद्यापीठातील पदांसाठी डॉक्टरेट आणि प्रसिद्ध झालेले संशोधन पाहिले जाई. कम्युनिटी कॉलेजातील अध्यापकाची नेमणूक सामान्यतः पदव्युत्तर पदवीवर होते आणि त्याचे काम शिकवणे हे असते. संशोधन त्याच्या नोकरीचा भागच नव्हे. अर्जातील प्रकाशनांच्या रकान्यात तो काय लिहिणार?

१२/ दुसरी अडचण वेळेची. संशोधन विद्यापीठातील प्राध्यापकाला सत्राला दोन-तीन विषय शिकवायचे असतात आणि ठरावीक वर्षांनी अभ्यासरजा मिळते. कम्युनिटी कॉलेजात सत्राला पाच विषय हा नेहमीचा कार्यभार. हा अध्यापक वर्षभर गेला तर पाच वर्ग कुणी घ्यायचे, त्याचा पगार कुठून द्यायचा, परतल्यावर जागा राहील का, हे सगळे प्रश्न लहान अंदाजपत्रकाच्या कॉलेजापुढे उभे राहत. प्रवासाचे अनुदान मंजूर होणे ही पहिली पायरी. घरचा वर्ग सांभाळला जाणे ही दुसरी. दुसरीची तरतूद नसेल तर पहिलीचा उपयोग नसतो.

१३/ या दुसऱ्या अडचणीवर एक सुरेख तोडगा मात्र याच परंपरेत सापडतो. फुलब्राइट योजनेच्या आरंभापासून शिक्षक-विनिमयाची एक शाखा होती. तिचे तत्त्व असे : दोन देशांतील दोन शिक्षकांनी आपापल्या खुर्च्यांची अदलाबदल करायची. अमेरिकी शिक्षक ब्रिटनमधील वर्गात उभा राहायचा आणि तिथला शिक्षक अमेरिकेतील त्याच्या वर्गात. पगार ज्याचा त्याला स्वतःच्या संस्थेकडून. मुलांचा वर्ग एक दिवसही रिकामा राहत नसे. शाळाशिक्षकांबरोबर दोन वर्षांच्या कॉलेजांतील अध्यापकांनाही या शाखेत वाव मिळाला. विद्वत्तेचे प्रमाणपत्र इथे गौण होते, वर्ग चालवता येणे महत्त्वाचे. पुढे ही थेट अदलाबदल बंद झाली, आणि कमी मुदतीच्या व वेगळ्या स्वरूपाच्या योजना आल्या.

१४/ पैशाचा मूळ स्रोतही फार काळ पुरणारा नव्हता. युद्धसामग्री एकदाच विकली जाते. शिवाय स्थानिक चलनात अमेरिकेतील राहण्याजेवणाचा खर्च भागत नसे. म्हणून बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला जहाजाचे तिकीट मिळे, पण पुढच्या डॉलरांसाठी एखाद्या विद्यापीठाचा किंवा खासगी निधीचा आधार शोधावा लागे. १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने डॉलरांची काही सोय झाली. पुढे १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने सगळी योजना नव्याने बांधली, आणि इतर देशांच्या सरकारांना तिच्यात आपला वाटा घालण्याची मोकळीक दिली. भंगाराच्या पैशावर सुरू झालेले काम अशा रीतीने नियमित अंदाजपत्रकावर आले.

१५/ आता भारताकडे येऊ. प्रजासत्ताक होऊन जेमतेम आठवडा झाला होता. २ फेब्रुवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी फुलब्राइट करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पुढच्याच वर्षी अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने भारताला धान्यासाठी एकोणीस कोटी डॉलरांचे कर्ज दिले. त्याच्या व्याजातील पन्नास लाख डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरण्याची तरतूद त्या कायद्यात होती. त्यातून ग्रंथालयांना पुस्तके, प्रयोगशाळांना साहित्य आणि माणसांना प्रवास मिळाला. युद्धसामग्रीच्या जागी इथे गहू आला, पण सूत्र जुनेच : देणेघेणे झाले तर त्याचा एक हिस्सा शिक्षणाकडे वळवायचा.

१६/ शिकवण्यासाठी दिलेल्या अनुदानाने काय घडू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला फार जवळचे आहे. मिनियापोलिस इथे वाढलेल्या गेल ऑम्वेट १९६३-६४ मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजीच्या अध्यापन-साहाय्यक म्हणून भारतात आल्या. मोठे संशोधन घेऊन त्या आल्या नव्हत्या. इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. पण त्या वास्तव्यातून भारताशी जोडले गेलेले नाते तुटले नाही. पुढे बर्कले इथे त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेकडे जगाच्या अभ्यासकांचे लक्ष वळवणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावला स्थायिक झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

१७/ ऑम्वेट कम्युनिटी कॉलेजातून आलेल्या नव्हत्या, हे खरे. पण त्यांचे उदाहरण आपल्या मुद्द्याला धरून आहे. अर्ज करताना त्यांच्या नावावर ग्रंथ नव्हते. अनुदानाची अट विद्वत्तेची असती तर त्या तेव्हा आल्याच नसत्या. योजनेने 'शिकवायला या' असे म्हटले म्हणून एक तरुण पदवीधर आली, आणि तिने काय पाहिले, काय शिकले याचा हिशेब पुढच्या अर्धशतकात होत राहिला. कुणाला पात्र ठरवायचे, हा नियम लिहिणाऱ्याला आपण कोणता इतिहास घडू देत आहोत किंवा अडवत आहोत याची कल्पना नसते.

१८/ कर्त्याच्या चरित्रातील काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी दहशतीला फुलब्राइट यांनी धैर्याने तोंड दिले. १९५४ मध्ये मॅकार्थींच्या उपसमितीला पैसा देण्याच्या प्रश्नावर ८५ विरुद्ध १ असे मतदान झाले. ते एक मत फुलब्राइट यांचे होते. परंतु याच माणसाने १९५६ मध्ये शाळांतील वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी लोकप्रतिनिधींच्या जाहीरनाम्यावर सही केली, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार उघडणारा हा नेता आपल्याच राज्यातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. ट्रूमन आयोगाने जे १९४७ मध्ये म्हटले होते, ते त्याला १९६४ मध्येही मान्य नव्हते.

१९/ हा विरोधाभास केवळ एका माणसाचा नव्हे. तो सगळ्या हकीकतीत दिसतो. बाहेरच्या जगाविषयी औदार्य आणि घरातील दुर्बलांविषयी उदासीनता ही एकाच योजनेत सुखाने नांदू शकतात. विनिमयाची जाहिरात 'राष्ट्राराष्ट्रांतील सामंजस्य' अशी होई. परंतु राष्ट्र म्हणजे कोण? निवडक विद्यापीठांतील निवडक माणसेच एकमेकांना भेटत राहिली, तर दोन देशांतील वरचे थर एकमेकांना ओळखू लागतात, इतकेच. कामगार-विद्यार्थ्यांना शिकवणारा अध्यापक त्या भेटीत नसेल, तर सामंजस्य जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबते.

२०/ ही उणीव जाणवू लागली ती १९७० च्या दशकात. १९७६ मध्ये काही कम्युनिटी कॉलेजांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय कामासाठी स्वतःचा संघ उभारला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी परकीय भाषा आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास यांवर नेमलेल्या आयोगाने १९७९ च्या अहवालात या कॉलेजांकडे लक्ष वेधले. युक्तिवाद सरळ होता : देशातील सामान्य नागरिकाला जगाची ओळख करून द्यायची असेल, तर तो नागरिक जिथे शिकतो तिथे गेले पाहिजे.

२१/ त्यानंतर हळूहळू नियम बदलत गेले. अनेक देशांतील अध्यापनाच्या जागांसाठी डॉक्टरेटची सक्ती उरली नाही. अध्यापनाचा अनुभव मोजला जाऊ लागला. फुलब्राइट-हेज कायद्याखाली उन्हाळी सुट्टीत काही आठवड्यांचे परदेशी अभ्यासवर्ग आणि गटप्रकल्प होत, त्यांत कम्युनिटी कॉलेजांच्या अध्यापकांना जाता येई. २००१ पासून दोन ते सहा आठवड्यांसाठी तज्ज्ञ म्हणून जाण्याची 'फुलब्राइट स्पेशालिस्ट' योजना आली. ज्याला वर्षभराची रजा मिळणे अशक्य, त्याला सहा आठवडे निघता येतात. मुदत आखूड केली आणि पाच वर्ग घेणाऱ्या अध्यापकासाठी दार किलकिले झाले.

२२/ उलट दिशेनेही सोय झाली. परदेशी विद्वानाला वर्षभरासाठी अमेरिकेतील कॉलेजात आणून शिकवायला लावणारी 'स्कॉलर-इन-रेसिडेन्स' योजना विशेषतः कम्युनिटी कॉलेजे, लहान महाविद्यालये आणि अल्पसंख्याक समाजांच्या संस्था यांच्यासाठी राखीव लक्ष देऊ लागली. अध्यापकाला जाता येत नसेल तर जगालाच वर्गात आणायचे, हा त्यामागचा विचार. २००७ पासून भारतासह अनेक देशांतील तरुणांना कम्युनिटी कॉलेजात वर्षभर व्यवसायशिक्षण घेण्याची संधी देणारा उपक्रमही सुरू झाला.

२३/ भारतातही या कल्पनेने मूळ धरले. १९९५ मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठाने कम्युनिटी कॉलेज सुरू केले. २००८ मध्ये भारत सरकारने फुलब्राइट योजनेत बरोबरीचा आर्थिक वाटा उचलण्याचे मान्य केले आणि भारतासाठीच्या पाठ्यवृत्त्यांना 'फुलब्राइट-नेहरू' हे जोडनाव मिळाले. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यमान महाविद्यालयांतून कम्युनिटी कॉलेजे चालवण्याची योजना आणली. कौशल्याधारित प्रमाणपत्र आणि पदविका हा तिचा गाभा. म्हणजे १९४६ च्या उन्हाळ्यातील दोन्ही कल्पना आपल्याकडे पोहोचल्या. त्यांची परस्परांशी गाठ किती घट्ट बांधायची, हे आता आपल्या हातात आहे.

२४/ ही वाट कायमची मोकळी झाली असे मात्र समजू नये. चीनमध्ये पुन्हा सुरू झालेली फुलब्राइट योजना अमेरिकेने जुलै २०२० मध्ये एका आदेशाने बंद केली. निवड राजकारणापासून दूर राहावी म्हणून १९४६ च्या कायद्यातच स्वतंत्र मंडळाची तरतूद होती. जून २०२५ मध्ये त्या मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. मंडळाने केलेल्या निवडी सरकारने डावलल्या, असा त्यांचा आक्षेप होता. ऐंशी वर्षे जुनी संस्थाही एखाद्या उन्हाळ्यात डळमळू शकते.

२५/ या धाग्याचा निष्कर्ष काय? विनिमयाचा इतिहास आपण सहसा नामवंतांच्या यादीने सांगतो : कोण गेले, कोण आले, कुणाला पुढे कोणता पुरस्कार मिळाला. ती यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. खरा इतिहास अटींच्या यादीत दडलेला असतो. मुदत किती? पदवी कोणती? मागे राहिलेला वर्ग कोण सांभाळणार? पगार कोण देणार? या चार प्रश्नांची उत्तरे बदलली तेव्हा जाणारी माणसे बदलली. हेतू १९४६ मध्येही उदात्तच होता. केवळ त्याने भागले नाही.

२६/ म्हणून तरुण अभ्यासकांना एक सुचवणे. एखाद्या शिष्यवृत्तीचा, विद्यापीठाचा किंवा योजनेचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा उद्घाटनाच्या छायाचित्रापाशी थांबू नका. जुना अर्जाचा नमुना मिळवा आणि त्यातील प्रत्येक रकाना कुणाला आत घेतो, कुणाला बाहेर ठेवतो ते पाहा. तालुक्याच्या कॉलेजात सकाळी कला शाखेला आणि दुपारी वाणिज्य शाखेला शिकवणाऱ्या तुमच्या सरांना किंवा बाईंना तो अर्ज भरता आला असता का, हे स्वतःला विचारा. त्यांना जग दिसले असते तर तुमच्या वर्गात काय बदलले असते, याचाही विचार करा. उत्तरे खाली जरूर लिहा. पुढच्या धाग्यात त्यांवर बोलू.

धागा समाप्त.